गटाला खाते, खात्याला फेरफार: वेब फ्रेमवर्क आणि डेटाबेस यांची जोडणी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातला सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहायचा असेल, तर आधी जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि शेवटी गट क्रमांक टाकायचा. काही क्षणांत खातेदाराचे नाव, क्षेत्र, फेरफार क्रमांक आणि इतर हक्क पडद्यावर दिसतात. या काही क्षणांत जे घडते, तो या प्रकरणाचा विषय आहे.

ब्राउझरने पाठवलेली विनंती वेब सर्व्हरवर पोहोचते. तिथे ती फ्रेमवर्कच्या हाती जाते. विनंती वाचणे, ती करणाऱ्याला परवानगी आहे का हे तपासणे, माहिती मागवणे आणि पान तयार करून परत पाठवणे, ही रोजची कामे ज्या तयार सांगाड्यावर बसवता येतात, त्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. पायथनमध्ये जँगो, पीएचपीमध्ये लाराव्हेल, जावामध्ये स्प्रिंग, रूबीमध्ये रेल्स आणि मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट ही त्यातली ओळखीची नावे. माहिती स्वतः फ्रेमवर्कमध्ये नसते. ती पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरसारख्या रिलेशनल डेटाबेसमध्ये असते. या दोघांना जोडायला सेटिंग्जच्या पाच-सहा ओळी पुरतात. ती जोडणी वर्षानुवर्षे खरी आणि भरवशाची राहावी, यासाठी मात्र बरेच काही समजून घ्यावे लागते. ते सातबाऱ्याच्या आधाराने फार चांगले समजते, कारण संगणक येण्याच्या कितीतरी आधी तलाठ्याच्या दप्तरात हा विचार झालेला होता.

दप्तरातले तक्ते

मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा १९०३ साली झाला. जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत, हे गावपातळीवर लिहून ठेवण्याची शिस्त त्यातून आली. आज हे काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालच्या नियमांनुसार चालते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. आठ अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, आणि सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जुनी माणसे तिला ड-पत्रक म्हणतात.

हे नमुने एकमेकांना कसे बांधलेले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, खातेदाराच्या नावासोबत खाते क्रमांक असतो आणि ते नाव तिथे कशाच्या आधारे आले ते सांगणारा फेरफार क्रमांक असतो. खाते क्रमांक घेऊन आठ अ उघडला की त्या खात्याचे सगळे गट दिसतात. फेरफार क्रमांक घेऊन नमुना सहा उघडला की खरेदी, वारस, वाटणी किंवा बक्षीसपत्र यांची नोंद मिळते. प्रत्येक वहीत सगळे पुन्हा लिहायचे नाही. एका वहीत दुसरीचा क्रमांक लिहायचा.

एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हाच होता. माहिती तक्त्यांत ठेवा. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध त्यातल्या मूल्यांवरूनच लागू द्या. माहिती डिस्कवर कुठे आणि कशी ठेवली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू देऊ नका. या निबंधातून रिलेशनल डेटाबेसचा जन्म झाला आणि कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ओळ ओळखणाऱ्या रकान्याला आज आपण प्रायमरी की म्हणतो आणि दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याला फॉरेन की. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक ही फॉरेन कीच आहे.

आता हेच नमुने डेटाबेसमध्ये मांडू. गावांचा एक तक्ता, गटांचा एक, खात्यांचा एक आणि फेरफारांचा एक. एका खात्यावर अनेक गट असतात आणि एका गटात अनेक खाती असतात, म्हणून गट आणि खाते यांच्यामध्ये आणखी एक तक्ता लागतो. त्याला धारणा म्हणू. त्याच्या प्रत्येक ओळीत गट, खाते, त्या खात्याचे क्षेत्र आणि ज्या फेरफाराने ते आले त्याचा क्रमांक असतो. एका गटाच्या धारणा एकत्र केल्या की सातबारा तयार होतो. एका खात्याच्या एकत्र केल्या की आठ अ. दोन्ही उतारे एकाच तक्त्याला विचारलेले दोन प्रश्न ठरतात, त्यामुळे त्यांच्यात तफावत पडायला जागाच उरत नाही. कागदावर हे शक्य नव्हते. तिथे दोन्ही वह्या हाताने लिहाव्या लागत आणि एक बदलली, दुसरी राहिली, असे होत असे.

पाच-सहा ओळींची जोडणी

शिकण्यासाठी आपण जँगो घेऊ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहराच्या एका वर्तमानपत्रात ते घडले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. पुढचे विवेचन शिकण्यापुरत्या नमुन्याचे आहे. शासनाच्या प्रणालीची आतली रचना वेगळी आहे.

जँगोच्या सेटिंग्ज फाइलमध्ये डेटाबेसचा एक भाग असतो. त्यात इंजिन, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड, होस्ट आणि पोर्ट एवढे लिहायचे. इंजिन म्हणजे डेटाबेस कोणत्या जातीचा आहे ते. होस्ट म्हणजे तो कोणत्या यंत्रावर आहे ते. पोर्ट म्हणजे त्या यंत्रावरचे दार. पोस्टग्रेसचे ठरावीक दार ५४३२ आणि मायएसक्यूएलचे ३३०६. याशिवाय ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. पायथनमधली मागणी डेटाबेसला कळणाऱ्या रूपात पोहोचवणे आणि उत्तर परत आणणे, हे त्याचे काम. नवशिक्यांची जोडणी पहिल्या दिवशी अडते, तेव्हा कारण बहुधा पुढच्यांपैकीच एक असते. ड्रायव्हर बसवलेला नसतो, डेटाबेस सेवा सुरू नसते, पोर्ट फायरवॉलने बंद असते किंवा त्या वापरकर्त्याला त्या डेटाबेसवर परवानगी नसते. या क्रमाने तपासत गेले की दोष सापडतो.

पासवर्ड कधीही कोडच्या फाइलमध्ये ठेवू नये. कोड मित्रांना दिला जातो, गिटवर चढवला जातो, लॅपटॉप बदलताना कॉपी केला जातो. पासवर्ड सर्व्हरच्या वातावरणात स्वतंत्र ठेवावा आणि प्रोग्रामने तिथून वाचावा. दुसरी गोष्ट परवानगीची. लोकांना सातबारा दाखवणाऱ्या पानाला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो. त्या पानासाठी डेटाबेसमध्ये वेगळा वापरकर्ता करावा आणि त्याला लिहिण्याचा हक्क देऊच नये. मग पानात चूक राहिली, कोणी आडमार्गाने आत शिरले, तरी नोंद बदलता येणार नाही.

तिसरी काळजी प्रश्न विचारण्याच्या रीतीची. वापरणाऱ्याने टाकलेला गट क्रमांक थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतल्या, वाक्यात चिकटवला, तर कोणीतरी गट क्रमांकाच्या जागी एसक्यूएलचीच आज्ञा टाकू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वाक्य आणि मूल्य डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवले, की मूल्य हे केवळ मूल्यच राहते. जँगो, लाराव्हेल यांच्या नेहमीच्या पद्धती हे आपोआप करतात. हाताने वाक्य जुळवायला बसले की ते संरक्षण सुटते.

कोणते नागठाणे?

सातारा तालुक्यात नागठाणे आहे. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातही नागठाणे आहे. ते बालगंधर्वांचे गाव. बोरगाव सातारा तालुक्यात आहे आणि वाळवा तालुक्यातही आहे. गावाचे नाव हीच त्याची ओळख धरणारा डेटाबेस पहिल्याच आठवड्यात फसेल.

नावासोबत तालुका आणि जिल्हा जोडला तरी प्रश्न सुटत नाही, कारण तेही बदलतात. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. पुढे पलूस आणि कडेगाव हे तालुके नव्याने निघाले, आणि काल ज्या गावाचा तालुका तासगाव होता, त्याचा आज पलूस झाला. जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाव हीच की असती, तर अशा प्रत्येक बदलाला हजारो ओळी हलवाव्या लागल्या असत्या आणि त्यात काही नक्कीच सुटल्या असत्या.

म्हणून ओळख अशा क्रमांकाने ठेवावी ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही आणि म्हणूनच जो बदलण्याचे काही कारण नाही. नाव हा त्या ओळीतला एक साधा रकाना असावा. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत देशातल्या प्रत्येक गावाला असा कोड आहे, त्याला एलजीडी कोड म्हणतात. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत हा कोड छापण्याचे ठरले. तो सातबाऱ्यावर आला, हे योग्यच झाले.

चालू डेटाबेसमध्ये असा नवा रकाना घालण्यासाठी फ्रेमवर्कमध्ये मायग्रेशनची सोय असते. तक्त्याच्या रचनेतला प्रत्येक बदल एका क्रमांकित फाइलमध्ये लिहिला जातो आणि त्याच क्रमाने प्रत्येक यंत्रावर लागू होतो. भरलेल्या तक्त्यात हा बदल तीन पायऱ्यांनी करावा. आधी रिकामा चालेल असा रकाना घालावा, मग सगळ्या गावांचे कोड भरावेत, आणि शेवटी तो सक्तीचा करावा. सक्ती आधी आणि भरणा नंतर, असे केले की मायग्रेशन पहिल्याच ओळीवर थांबते.

रकान्याचा प्रकार

गट क्रमांक हा अंक वाटतो, म्हणून नवखा प्रोग्रामर त्याला पूर्णांकाचा रकाना देतो. मग वाटणी होते आणि १२५ या गटाचे १२५/१ आणि १२५/२/अ होतात. पूर्णांकाच्या रकान्यात हे मावत नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो अंक नव्हे. गट क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा आणि यादी नीट क्रमाने लागावी यासाठी त्यातला मूळ अंक वेगळ्या रकान्यात काढून ठेवावा.

क्षेत्राची गोष्ट उलटी आहे. ते मोजायचे असते आणि मोजणी अचूक हवी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर. म्हणजे एक चौरस मीटर हा हेक्टरचा दहा हजारावा भाग झाला, आणि दशांश चिन्हापुढे बरोबर चार अंक लागतात. असा रकाना डेसिमल प्रकारचा असावा. फ्लोटिंग पॉइंट प्रकारात संगणक दशांश अपूर्णांक द्विमान रूपात ठेवतो, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अगदी ०.३ येत नाही, सतराव्या स्थानी चार उरतो. एका ओळीत तो फरक दिसत नाही. पण हिश्श्यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी आहे का, अशी काटेकोर तपासणी लावली की तपासणी विनाकारण नापास होते.

गावात लोक बोलताना गुंठे आणि एकर बोलतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. हे रूपांतर फक्त दाखवताना करावे. गुंठ्यातून आरात आणि आरातून पुन्हा गुंठ्यात असे साठवत गेले की दर फेरीला थोडी जमीन झिजते.

नियम शक्यतो डेटाबेसमध्येच लिहावेत. लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र म्हणजे एकूण क्षेत्र. क्षेत्र शून्याहून कमी असू शकत नाही. एका गावात एक गट क्रमांक एकदाच येतो. हे फॉर्मवर तपासले तरी पुरत नाही, कारण उद्या त्याच डेटाबेसमध्ये मोबाइल ॲप लिहील, परवा जुन्या एक्सेल फायलींतून भरणा होईल. दारे अनेक असतात, तक्ता एकच असतो. नियम तक्त्यावर बसवला की तो सगळ्या दारांना लागू होतो.

कऱ्हाडचा शोध

मराठी माहिती ठेवणाऱ्याला आणखी एक अडचण येते, आणि परभाषेतली पुस्तके ती सांगत नाहीत. कऱ्हाड हे नाव घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून आहे. तोच साध्या र ला नुक्ता जोडूनही लिहिता येतो. काही कीबोर्ड र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीच मालिका टाकतात. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते तीन वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय अनेक जण साधे कराड लिहितात. आडनावांतही हेच घडते.

यावर उपाय नोंद करतानाच करायचा. पहिल्या दोन रूपांना एक करणारी प्रमाणीकरणाची पद्धत युनिकोडनेच दिलेली आहे, तिला एनएफसी म्हणतात. तिसऱ्या रूपासाठी आपला स्वतःचा नियम लिहावा लागतो. मूळ नाव जसे आहे तसे ठेवावे आणि शोधासाठी त्याचे साधे रूप शेजारच्या रकान्यात ठेवून त्यावर झटपट शोध लागण्यासाठी इंडेक्स बांधावा. डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ-८ च ठेवावा. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर यूटीएफ-८ एमबी-४ हा पूर्ण प्रकार निवडावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणारी व्यवस्था असेल, तर इंग्रजी नावांच्या हिशेबाने ठेवलेला रकाना मराठी नावाला एक तृतीयांशच पुरतो.

फेरफार आणि ट्रान्झॅक्शन

आता सगळ्यात नाजूक भागाकडे येऊ. एका गटात एका खात्याचे १ हेक्टर २० आर क्षेत्र आहे आणि त्यातले ४० आर विकले गेले. डेटाबेसमध्ये तीन गोष्टी घडायला हव्यात. विकणाऱ्याच्या धारणेत ८० आर राहिले पाहिजेत, घेणाऱ्याची ४० आरची नवी धारणा तयार झाली पाहिजे आणि फेरफार प्रमाणित झाल्याची नोंद झाली पाहिजे. पहिली पायरी झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर ४० आर जमीन कोणाच्याच नावावर उरत नाही.

यासाठी ट्रान्झॅक्शन असते. तीन पायऱ्या एका गाठोड्यात बांधायच्या. सगळ्या झाल्या तरच त्या पक्क्या, एकही अडली तर सगळ्या मागे. जँगोमध्ये त्यासाठी ॲटॉमिक नावाची सोय आहे. ती मुद्दाम वापरावी लागते. एरवी जँगो प्रत्येक आज्ञा सुटी सुटी पक्की करत जाते. त्याच गटावर दोन कर्मचारी एकाच वेळी दोन फेरफार मंजूर करत असतील, तर दोघांनाही १ हेक्टर २० आरच दिसेल आणि दोन्ही वजाबाक्या त्याच आकड्यातून होतील. म्हणून वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करून घ्यावी. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसरा थांबेल आणि मग त्याला ८० आर दिसतील.

पण फेरफाराची प्रक्रिया स्वतः कित्येक दिवस चालते. नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि शेवटी मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. एवढा काळ डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन उघडे ठेवता येत नाही. म्हणून फेरफाराच्या तक्त्यात स्थिती नावाचा रकाना ठेवतात: नोंद धरली, नोटीस दिली, हरकत, प्रमाणित, रद्द. माणसांचे पंधरा दिवस त्या रकान्यात मावतात आणि ट्रान्झॅक्शन फक्त प्रमाणित करण्याच्या क्षणापुरते उघडते.

कागदी सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव कधी खोडून टाकत नसत. त्या नावाला कंस करत आणि खाली नवे नाव लिहीत. कंसातले नाव वाचता येई, ते कोणत्या फेरफाराने गेले हेही कळे. प्रोग्रामरने ही शिस्त जशीच्या तशी उचलावी. फॉरेन की बांधताना जँगो विचारते, मूळ ओळ काढली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळींचे काय करायचे? कॅस्केड निवडले तर खाते काढताच त्याच्या सगळ्या धारणा नाहीशा होतात. जमिनीच्या, पैशाच्या किंवा दवाखान्याच्या नोंदींत कॅस्केडला जागा नाही. तिथे प्रोटेक्ट निवडावे, म्हणजे ओळ काढताच येणार नाही, आणि जुनी धारणा संपल्याची तारीख लिहून ती तशीच ठेवावी.

जोडण्यांची रांग

फ्रेमवर्क डेटाबेसशी बोलते तेव्हा दरवेळी एक जोडणी उघडते. ओळख पटवणे, पासवर्ड तपासणे, स्मृती राखून ठेवणे, यात वेळ जातो. पोस्टग्रेस मुळात १०० आणि मायएसक्यूएल १५१ जोडण्यांना परवानगी देते. हा आकडा वाढवता येतो, पण प्रत्येक जोडणी यंत्राची स्मृती खाते. पीककर्जाच्या दिवसांत किंवा एखाद्या योजनेची मुदत संपताना हजारो लोक एकदम उतारे मागतात, तेव्हा नवी जोडणी नाकारली जाते आणि पान अडकते.

यावरचा उपाय म्हणजे कनेक्शन पूल. हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. काटे दोन-चारच असतात, पण एक ट्रॅक्टर उतरताच दुसरा चढतो आणि दिवसभरात शेकडो गाड्या वजन करून जातात. पूलमध्येही मोजक्या जोडण्या उघड्या ठेवतात आणि प्रत्येक विनंती रिकामी जोडणी घेऊन काम होताच परत करते. जँगोच्या २०२४ सालच्या ५.१ आवृत्तीपासून पोस्टग्रेससाठी ही सोय फ्रेमवर्कमध्येच मिळते.

पूल असूनही पान संथ असेल, तर प्रश्न किती वेळा विचारला जातो ते मोजावे. आठ अ दाखवताना आधी खात्याच्या धारणा मागवल्या आणि मग प्रत्येक धारणेसाठी गटाची माहिती वेगळी मागवली, तर तीस गटांच्या खात्याला एकतीस प्रश्न होतात. फ्रेमवर्कमध्ये हे नकळत घडते, कारण कोड वाचताना ती एक साधी ओळ दिसते. गट आणि धारणा एकाच प्रश्नात जोडून मागवल्या की एकच फेरी पुरते.

वारणेचा धडा

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वारणा नदी वाहते. तिच्या खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत १९९८ साली वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांना उसाचे वजन, तोडणी, खताची उचल यांची माहिती गावातच मिळावी, यासाठी गावोगाव संगणक केंद्रे बसवली गेली. इंटरनेट शहरातही नवलाईचे होते, त्या काळात हे घडले.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला. शेतकरी मुख्यतः मोजकेच प्रश्न विचारत होते आणि त्यांची उत्तरे थोड्याच आकड्यांत मावत होती. संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधे मोबाइल फोन दिले. एसएमएसने प्रश्न जायचा, कारखान्याकडचा संगणक डेटाबेसमधून उत्तर काढायचा आणि एसएमएसनेच परत पाठवायचा. काम झाले, आणि खर्चही कमी झाला.

यात आपल्या विषयाचे सार आहे. दार बदलले, माहिती तीच राहिली. गावातले पीसी गेले, एसएमएस आले, आता ॲप आले. उसाच्या नोंदी मात्र तक्त्यात होत्या तशाच राहिल्या. फ्रेमवर्क दहा वर्षांत जुने होते. डेटाबेस त्याहून कितीतरी जास्त जगतो. म्हणून रचना करताना सर्वांत जास्त वेळ तक्त्यांवर द्यावा.

माहिती खरी आहे का?

सगळी जोडणी निर्दोष असली तरी तक्त्यातली माहिती चुकीची असेल, तर चूकच वेगाने पोहोचते. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरवले गेले तेव्हा असंख्य ठिकाणी नाव, क्षेत्र किंवा फेरफार जुळत नव्हते. यासाठी २०१७ साली चावडी वाचन झाले. गावकऱ्यांसमोर संगणकावरचे सातबारे वाचून दाखवले गेले आणि चुका नोंदवल्या गेल्या. एडिट आणि री-एडिट या आज्ञावलींतून त्या दुरुस्त झाल्या. सातबाऱ्यातली बेरीज आणि आठ अ मधली बेरीज न जुळणारे गट शोधणारे ओडीसी अहवाल तलाठ्यांच्या रोजच्या बोलण्यात आले. प्रोग्रामरच्या भाषेत ही विसंगती शोधणारी एसक्यूएलची साधी वाक्ये आहेत. गावात त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक कुटुंब असते. या कष्टानंतरच १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देता येऊ लागला. आजही संगणकावरची लेखनचूक कोणी परस्पर बदलू शकत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश व्हावा लागतो, आणि तसेच असायला हवे.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ईश्वरपूरचे (पूर्वीचे इस्लामपूर) राजारामबापू इन्स्टिट्यूट इथून दरवर्षी शेकडो मुले-मुली हे काम शिकून बाहेर पडतात. त्यांतली बरीच जण परदेशी बँकांचे आणि दुकानांचे डेटाबेस सांभाळतात. त्यांना माझे सांगणे आहे की पहिला प्रकल्प करताना आपल्याच घरचा सातबारा आणि आठ अ समोर घ्या. त्यांचे तक्ते कागदावर काढा, की ठरवा, नियम लिहा, आणि मगच फ्रेमवर्क उघडा. आणि जे वाचक प्रोग्रामर नाहीत, त्यांनी आपला सातबारा आणि आठ अ एकदा शेजारी ठेवून क्षेत्राची बेरीज करून पाहावी. ती जुळत नसेल, तर आजच तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्यावा.